मामांची दुसरी रेल

मी सीएनसी मशीनवर एलएम गाईड बसवतो. मशीनचं टेबल, सॅडल, गॅन्ट्री ज्यांच्यावरून सरकतात त्या पोलादी रेल झिजल्या की उतरवायच्या, नव्या चढवायच्या आणि दोन्ही एकमेकींना समांतर आणायच्या, हे माझं काम. काष्टीत मी 'रेल बसवतो' म्हणालो की पुढचा प्रश्न ठरलेला, "रेल्वेत लागला का?" दौंड-मनमाड लाईनवरचं गाव, तेव्हा त्यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. हल्ली मी नुसतं 'फिटर आहे' म्हणतो. पण ही विद्या ज्यांनी हातात दिली त्यांच्याविषयी लिहायचं कधीचं राहून गेलंय. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणत, मीही तेच म्हणतो.

लोखंड मी लहानपणापासून पाहत आलो. नांगराचे फाळ, उसाच्या ट्रॉल्या, बैलगाडीचे आख. शनिवारी जनावरांच्या बाजाराला आलेली माणसं येता-जाता वेल्डिंगच्या दुकानात काहीतरी दुरुस्तीला टाकून जात. तिथलं माप सुतात चाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर. ट्रॉलीत सूतभर फरक राहिला तर कुणी बोलत नाही आणि बोलायचं कारणही नाही, ऊस तिच्यातून तसाच कारखान्यावर पोचतो. श्रीगोंद्याच्या आयटीआयमध्ये फिटरची दोन वर्षं झाली, हातात व्हर्नियर आला, तरी डोक्यातलं माप सुताचंच राहिलं. भोसरीत जुनी मशीन नवी करून देणाऱ्या एका शॉपमध्ये लागलो तेव्हा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मला परीक्षेपुरता माहीत होता.

मामांनी पहिले कितीतरी महिने मला रेलला हातच लावू दिला नाही. माझ्याकडे ऑईल स्टोन आणि मलमलचं फडकं. मशीनच्या बेडवर रेल जिथे बसते ती जागा स्टोनने घासायची, पुसायची, हाताने चाचपायची, परत घासायची. बेड ग्राइंडिंग होऊन चकचकीत आलेलं असायचं, त्यामुळे मला हा वेळेचा अपव्यय वाटे. टॅप मारताना भोकाच्या काठावर लोखंड किंचित वर येतं, दिसत नाही, पण रेल त्याच्यावर बसली की तिथे उचलली जाते, हे मला ठाऊक नव्हतं. कॉटन वेस्टने पुसलं की मामा ओरडत, कारण त्याचा एखादा धागा खाली राहिला तरी डायलचा काटा तो दाखवतो.

माझी समजूत साधी होती. रेल जपानहून नाहीतर तैवानहून येते, मायक्रॉनमध्ये ग्राइंड झालेली असते, म्हणजे ती सरळच असणार, आपण फक्त बोल्ट आवळायचे. मामांनी वाद घातला नाही. पंधरा साईजची तीन मीटरची रेल होती, तिचं एक टोक मला धरायला सांगितलं, दुसरं त्यांनी धरलं. मधे बोटभर झोळ आला. "ही जिथं टेकेल तशी होणार," ते म्हणाले. "सरळ करायचंय ते बेड, रेल नाही." इतकंच. तेव्हापासून स्टोन फिरवताना मी कुरकुर केली नाही.

मामा मुळात स्क्रॅपिंगवाले. एचएमटीच्या, किर्लोस्करच्या जुन्या लेथना, मिलिंगना अशी रेल नव्हतीच, बेडचाच गाईडवे असायचा आणि त्याच्यावरून सॅडल घासत जायचं. तो गाईडवे झिजला की निळा रंग (ब्लू) लावून, उंच ठिपके पाहून, स्क्रॅपरने एकेक खरवडायचा. चौरस इंचात किती ठिपके येतात यावर कारागिराची पत. सपाट म्हणजे काय हे त्यांनी मला तीन प्लेटांवर समजावलं. दोनच प्लेटा एकमेकींवर जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या छान जुळतात. तिसरी आळीपाळीने दोघींवर ठेवली की लबाडी उघडी पडते. जोसेफ व्हिटवर्थने ही रीत १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत मांडली होती, हे मी फार पुढे वाचलं. मामांना व्हिटवर्थ माहीत नव्हता, प्लेटा मात्र त्यांनी बनवलेल्या होत्या.

१९७२ मध्ये जपानच्या टीएचके कंपनीने एलएम गाईड बाजारात आणली. रेलवरून सरकणाऱ्या ब्लॉकच्या आत पोलादी गोळ्या फिरत राहतात, घासण्याच्या जागी लोळणं आलं. आपल्याकडच्या शॉपमध्ये ती रुळली तसतसं स्क्रॅपिंगचं काम आटत गेलं. ज्या वस्तूने मामांच्या हातातली विद्या मागे सारली, तीच बसवायला ते उतारवयात शिकले, आणि तेही त्यांच्याहून किती तरी लहान इंजिनिअरकडून. याबद्दल त्यांच्या तोंडून कधी कडू शब्द ऐकला नाही. मला तेव्हा यात विशेष काही दिसलं नव्हतं. आज माझ्यापेक्षा लहान पोरं लेझर घेऊन येतात आणि माझ्या कपाळाला आठी पडते, तेव्हा दिसतं.

इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. कॅटलॉग मी वाचून दाखवायचो, आणि माझी थोडीफार किंमत तिथून सुरू झाली. बहुतेक ठिकाणी ते म्हणत, "हे आपण करतोच." मुख्य रेल बेडच्या स्टेपला बाजूने दाबून धरायची, बोल्ट एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळायचे, ब्लॉक रेलवरून सुटा काढायचा नाही, काढलाच तर डमी रेलवर सरकवायचा, नाहीतर गोळ्या सांडतात. हे सगळं त्यांच्या हातात होतंच. एका पानावर मात्र ते थांबले. सहा एमएमचा बोल्ट पोलादात १३.७ न्यूटन-मीटरला आवळायचा, पण बिडाच्या कास्टिंगमध्ये ९.२ ला. ते दोन्हीकडे मनगटाच्या अंदाजाने सारखंच आवळत आले होते. त्यांनी मला तो आकडा परत वाचायला लावला, डायरीत लिहिला, आणि पुढच्या पगाराला स्वतःच्या पैशाने टॉर्क रेंच आणला. शिकवणाऱ्याने समोरच्या पोराकडून असं काही घेताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

खरी शिकवणी दुसऱ्या रेलची. पहिलीला स्टेपचा आधार असतो. दुसरीला पुष्कळदा तो नसतो, तिला पहिलीवरूनच सरळ करावं लागतं. पहिल्या रेलच्या ब्लॉकवर ब्रॅकेट लावायचं, त्यावर पपी डायल, आणि तिचं टोक दुसऱ्या रेलच्या बाजूला टेकवायचं. ब्लॉक पुढे सरकवत एकेका बोल्टपाशी थांबायचं, प्लॅस्टिकच्या हातोडीने रेल हलकेच ठोकत काटा शून्यावर आणायचा, बोल्ट आवळायचा आणि लगेच मागच्या बोल्टपाशी परत जाऊन बघायचं, कारण पुढचा आवळताना मागचं सरकतं. हे मागे जाणं मला जिवावर यायचं. मामा एकदाही गाळत नसत. साईजप्रमाणे आणि प्रीलोडप्रमाणे (गोळ्या आधीच किती दाबून बसवल्यात त्याप्रमाणे) दोन रेलमध्ये वीस-पंचवीस मायक्रॉनचा फरक चालतो, त्याच्या वर गेला की गोळ्यांवर आडवा भार येतो. भार दुप्पट झाला तर गाईडचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं, कारण हिशोब घनात आहे. मामांना हे सूत्र ठाऊक नव्हतं. ते शेवटी टेबल चढवून एका हाताने सरकवून पाहत, आणि एखाद्या टोकाला ते किंचितही जड लागलं तर सगळं सोडून नव्याने सुरू करत.

घरच्या कारणाने मी काष्टीला परतलो आणि रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये दाराच्या फळ्यांवर नक्षी कोरणारं राऊटर मशीन बांधायला घेतलं. चॅनल वेल्ड करून फ्रेम. ग्राइंड केलेलं बेड परवडणारं नव्हतं आणि त्याशिवाय रेल कशी सरळ आणायची हे मला सुचेना. फोन केला तर मामा दौंडमार्गे स्वतःच आले. बाजाराचा शनिवार होता, स्टेशनवरून येईपर्यंत धुळीने माखले होते.

त्यांनी दिवसा कामाला हात लावला नाही. एप्रिल होता, पत्रा तापलेला, दारातून ऊन फ्रेमच्या एकाच बाजूवर पडत होतं. पोलाद मीटरला एका अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे दोन मीटरची रेल दहा अंशांत जवळजवळ पाव मिलिमीटर. एक बाजू तापली की फ्रेम वाकते, आणि त्या वाकलेल्या फ्रेमवर सरळ केलेली रेल रात्री वाकडी होते. रेल फ्रेमवर मोकळ्या ठेवून आम्ही झोपलो, म्हणजे दोन्ही एकाच तापमानाला याव्यात. पहाटे बारीक तार ताणली. तार बाजूचा सरळपणा खरा दाखवते, खाली मात्र स्वतःच झोळते, म्हणून उंचीसाठी मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल. जिथे कमी तिथे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा. उन्हं वर यायच्या आत पहिली रेल बसली, दुसरी त्याच्या पुढच्या पहाटे. त्या मशीनवर माझं घर उभं राहिलं. मजुरीचं नाव त्यांनी काढू दिलं नाही, लिंबाची पिशवी तेवढी नेली.

काम झालं की मामा एका कागदावर प्रत्येक बोल्टपाशी काय रीडिंग आलं ते, तारीख आणि शॉपचं तापमान लिहून तो मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनलमध्ये ठेवत. गिऱ्हाईक ते मागत नसे, मालकालाही त्यात रस नसे. मी ही त्यांची खोड समजायचो.

पुढे रेल बदलायच्या कामासाठी सुपे एमआयडीसीत एका कारखान्यात मी एक मशीन उघडलं. गाईड आवाज करत होती. पॅनलमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद निघाला, मी भोसरीत लागायच्या आधीच्या तारखेचा, मामांच्या अक्षरात. मोटरच्या बाजूच्या तिसऱ्या बोल्टपुढे लिहिलं होतं, 'इथे बेड खाली आहे. शिम आहे, काढू नका.' रेल उतरवताना मी ती शिम कचरा म्हणून फेकलीच असती आणि नव्या रेलचं रीडिंग का येत नाही हे शोधत बसलो असतो. शिम पुसून होती तिथे ठेवली. काम झाल्यावर त्याच कागदावर खाली माझी रीडिंग लिहिली.

संध्याकाळी मामांना फोन केला. ते आता गावीच असतात. मशीन त्यांना आठवेना. कुठल्या कंपनीत, कुठल्या साली, काहीच नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "शिमला गंज नव्हता ना?"

नव्हता, म्हणालो.

"आणि दुसऱ्या रेलला टोकाला किती ठेवलंस?"