मूळ फोटो तसाच राहू द्या

आमच्या आबांचा तरुणपणीचा एकच फोटो घरात होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरी वाड्याच्या भिंतीवर ओळीने लागलेल्या असतात, त्यांना एका फोटोचे मोल कळणार नाही. आपल्या माणसांना दोन वेळच्या भाकरीची भ्रांत. स्टुडिओत जाऊन फोटो कोण काढणार? म्हणून जे चार-दोन फोटो ट्रंकेत उरले आहेत ते जपणे हे आपले कर्तव्यच आहे. ते जपताना माझ्या हातून जी चूक झाली ती इतरांच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

२०२० साली टाळेबंदीत मुलीने मला संगणकावर घरच्या फोटोंचा अल्बम करायला शिकवले. त्याला डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. वहीत फोटो, रंगीत कागद, फुले चिकटवून खाली चार ओळी लिहाव्यात, तेच काम पडद्यावर करायचे. या कामाचा सगळा जीव लेयरमध्ये आहे. लेयर म्हणजे थर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवले आहेत असे समजा. सर्वांत खाली रंगीत पार्श्वभूमी, त्यावर चौकट, त्यावर फोटो, मग फुलेपाने आणि सर्वांत वर मजकूर. एक थर हलवला तरी बाकीचे जागेवर राहतात. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आली. गिम्प हा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यातही ती आहे. मी गिम्पच वापरते.

पण हे सारे मी नीट शिकले ते नुकसान झाल्यावर. आबांचा फोटो मी स्कॅन करून आणला. खालच्या पांढऱ्या कडेवर एक निळसर डाग होता. मी दोन तास बसून तो डाग त्याच फोटोवर थेट पुसला आणि त्याच नावाने फाईल सेव्ह केली. कड कशी लख्ख झाली! मूळ फोटो फ्रेमवाल्याकडे दिला, तेव्हा त्याला मीच सांगितले, “कड कापून टाका, डागाळलेली आहे.”

अशोक विजयादशमीला आत्या घरी आली. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. तिने पान पाहिले आणि म्हणाली, “अगं पोरी, दादानं लिहिलेलं कुठं गेलं?”

“काय लिहिलेलं, आत्या?”

“नागपूरहून आल्यावर काढलाय फोटो. छप्पन सालचा. दादा रात्रशाळेत नुकता लिहायला शिकला होता. स्वतःच्या हातानं खाली नाव न्‌ साल लिहिलं होतं त्यानं. साऱ्या वस्तीत दाखवत फिरला.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षेहून परतलेल्या तरुणाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षर नाकारले त्यांच्या घरातले पहिले अक्षर! ओलीने पसरलेली ती शाई मी डाग समजले. शाळेत मुलांना अक्षर गिरवायला शिकवणारी मी, बापाचे अक्षर पुसून बसले.

त्यानंतर मी काही नियम घालून घेतले. पहिला, स्कॅन केलेली मूळ फाईल वेगळ्या ठिकाणी ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. काम नेहमी प्रतीवर. दुसरा, त्या प्रतीतही फोटोचा मूळ लेयर कुलूपबंद करायचा. डाग काढायचे ते वर एक रिकामा लेयर घेऊन त्यावर. क्लोन टूलमध्ये ‘सॅम्पल मर्ज्ड’ हा पर्याय निवडला की खालचा रंग उचलून वरच्या लेयरवर लावता येतो. मग लेयरशेजारचा डोळा बंद केला की मूळ डाग पुन्हा दिसतो. काही पुसले जात नाही, झाकले जाते. तिसरा, फोटोचा नको असलेला भाग खोडरबराने खोडायचा नाही. त्याला मास्क लावायचा. मास्कवर काळे केले की भाग लपतो, पांढरे केले की परत येतो.

कामाचा वेग वाढवायलाही लेयरच उपयोगी पडतात. प्रत्येक लेयरला नाव द्या. नाहीतर वीस लेयरमध्ये आत्याचा फोटो शोधण्यातच संध्याकाळ जाते. पार्श्वभूमी, फोटो, सजावट आणि मजकूर असे चार गट करा. बारा इंच लांबी-रुंदीचे पान छपाईसाठी ३०० च्या रिझोल्यूशनने केले तर ते ३६०० बाय ३६०० पिक्सेलचे होते. त्यात मोठमोठी चित्रे भरली की जुना संगणक धापा टाकतो. म्हणून सजावटीची चित्रे आधी लहान करून मगच आणा. एक पान मनासारखे झाले की ते दुसऱ्या नावाने सेव्ह करा आणि फक्त फोटो व मजकूर बदला. नवे पान अर्ध्या वेळात होते. शेवटी लेयरसकट फाईल एक्ससीएफमध्ये ठेवा आणि छापायला जेपीजी वेगळी काढा. जेपीजीत लेयर राहत नाहीत, सगळे एक होऊन जाते.

मुलगी म्हणाली, “आई, आबांच्या जुन्या वहीतून अक्षरं उचलून कडेवर बसवू या. कोणाला कळणारही नाही.” तिचा हेतू चांगला होता, पण मी नको म्हटले. जे गेले ते गेले. खोटा पुरावा तयार करून आपण आपला इतिहास कमकुवत करतो. आता त्या पानावर फोटोखाली पांढरी पट्टी मोकळी आहे. त्याखाली वेगळ्या लेयरवर साध्या छापील अक्षरात लिहिले आहे: ‘येथे आबांनी स्वहस्ते नाव व साल लिहिले होते. आत्याने सांगितल्यावरून.’

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरातले जुने फोटो काढा. साफ करण्याआधी ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा आणि हा कोण, ही कोण, मागे काय लिहिले आहे, ते विचारून घ्या. संगणक पुन्हा सुरू करता येतो. आत्याला विचारायचे राहून गेले, तर मग विचारणार कोणाला?

जयभीम!