झीज आणि किमान जाडी

मोटारीचे पुढचे ब्रेक घरी बदलता येतात, हे आमच्या विभागात कोणाला खरे वाटत नाही. मराठीच्या प्राध्यापकाने हाती पाना घ्यावा, यात सहकाऱ्यांना काहीतरी विसंगत वाटते. वास्तविक या कामाला बळापेक्षा क्रमाचे भान अधिक लागते. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करायचे, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, आणि जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याखेरीज खाली हात घालायचा नाही. सुटलेला कॅलिपर तारेने टांगायचा. त्याचे ओझे रबरी नळीवर पडता कामा नये. नवे पॅड जाड असतात. ते मावावेत म्हणून पिस्टन हळूहळू मागे रेटायचा आणि टाकीतले ब्रेक ऑइल उतू जात नाही ना, हे पाहायचे. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल पुसून काढायचे. सगळे जोडून झाल्यावर पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबायचे. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जाते, म्हणून त्याआधी गाडी हलवायची नाही.

या खटाटोपात माझे लक्ष वेधले ते एका आकड्याने. जुन्या बिडाच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली होती : 15 मिलिमीटर. मायक्रोमीटरने मोजली तर ती 14.7 भरली. डिस्क दिसायला धडधाकट, पण तिचे काम संपले होते. ब्रेक गतीची उष्णता करतो. पातळ डिस्क ती पुरेशी सामावून घेऊ शकत नाही, आणि पसरणीसारखा घाट उतरताना नेमकी तिचीच गरज असते. अनेक पॅडनाही एक लहानशी पोलादी पट्टी असते. पॅड ठराविक मर्यादेपर्यंत झिजले, की ती डिस्कवर घासून किंचाळते. म्हणजे झिजणाऱ्या वस्तूला आपली मर्यादा सांगण्याची सोय तिच्या घडणीतच केलेली असते.

मराठीत मात्र ‘झिजणे’ हा निव्वळ गौरवाचा शब्द आहे. ‘चंदनासारखे झिजले’ असे म्हटल्यावाचून आमच्याकडे निरोप समारंभ पार पडत नाही. या शब्दाला किमान जाडी नाही. चंदन कुठवर झिजावे, हे कोणी विचारत नाही. सुगंध येतो आहे तोवर सहाण थांबत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारे, नेट-सेट उत्तीर्ण झालेले तरुण सहकारी आहेत. तासांप्रमाणे मानधन, सुट्टीत तेही नाही, आणि नव्या वर्षी पुन्हा मुलाखत. त्यांच्या निष्ठेची भाषणांतून होणारी स्तुती कोणाच्या सोयीची असते? बिडाच्या चकतीसाठी जो विचार होतो, तो माणसांसाठी करायला आपली भाषा अडवते की आपण तिच्याआड लपतो?

यंदा निरोपाचे भाषण माझ्याकडे आले आहे. त्यात ‘झिजणे’ हे क्रियापद येणार नाही. या सहकाऱ्यांचे मानधन किती महिने थकले आहे, तो आकडा मात्र येईल.