निघायची वाट

ऑनलाइन लिहायचं ठरलं की लेखक पहिल्यांदा गर्दी शोधतो: वाचक कुठे जास्त आहेत? प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. भाड्याची खोली घेताना करार संपल्यावर काय, हे आपण विचारतोच. लिखाणाच्या जागेबाबत मात्र ते विचारायचं राहून जातं. उद्या इथून निघावं लागलं तर सोबत काय नेता येईल, ही माझ्या मते पहिली कसोटी, कारण निघायची वेळ येते. याहूनं १९९९ साली विकत घेतलेली जिओसिटीज ही वैयक्तिक वेबपानांची सेवा २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली. पोस्टरस हे ब्लॉगचं व्यासपीठ ट्विटरनं २०१२ मध्ये घेतलं आणि ३० एप्रिल २०१३ला त्याला कुलूप लागलं. २०१९ मध्ये गूगल प्लस गेलं. या कंपन्या काही किरकोळ नव्हत्या. ‘सत्यकथा’ मासिकही १९८२ मध्ये बंद पडलं, पण छापलेले अंक ग्रंथालयांत राहिले. सर्व्हर बंद झाला की वाचकाच्या कपाटात काहीच उरत नाही.

न्यायच्या गोष्टी तीन: मजकूर, पत्ता आणि वाचक. मजकूर बहुधा सुटतो. पोस्टरसनंही जाता जाता तो उतरवून घ्यायची सोय दिली होती. पण जुने दुवे मेले, कारण पत्ता कंपनीचा होता. ज्यांनी स्वतःचं डोमेन जोडलं होतं, त्यांना तेच नाव दुसऱ्या जागेकडे वळवता आलं. वाचकांचं तर त्याहून अवघड. फेसबुकवर दहा हजार जण मागे असले तरी त्यांतल्या एकाचाही ईमेल तुमच्या हाती येत नाही. सबस्टॅक ही ईमेल-वार्तापत्रांची सेवा सशुल्क वर्गणीतून १० टक्के कापून घेते याबद्दल पुष्कळ कुरकुर ऐकू येते; मला तो कमी महत्त्वाचा मुद्दा वाटतो. तिथली ईमेल-यादी उतरवून घेता येते, हा तिचा खरा गुण. मराठीला तर जागा बदलण्याचा भुर्दंड जुनाच आहे: युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की नुसती अक्षरांची खिचडी.

यावर कोणी म्हणेल, रानात दुकान थाटून गिऱ्हाईक कुठून येणार? बरोबर आहे, स्वतःच्या जागेवर वाचक सावकाश जमतो, आणि मराठीत फारच सावकाश. म्हणून बाजारात जाऊच नये असं नाही. फेसबुकवर अख्खा लेख टाकायलाही हरकत नाही, फक्त मूळ प्रत घरी असावी. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. स्वतःचं डोमेनही भाड्याचंच असतं. वार्षिक शुल्क थकलं की तेही हातचं जातं, आणि लेखकाच्या पश्चात ते कोण भरणार? याला पक्कं उत्तर नाही. जिओसिटीजचा काही भाग टिकला तो कंपनीमुळे नव्हे, आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी उतरवून ठेवला म्हणून. तेव्हा महत्त्वाचे लेख इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आपणच जतन करावेत. त्याला पैसे पडत नाहीत. सर्व्हरची देखभाल जमत नसेल तर ती दुसऱ्यावर सोपवा, डोमेन तेवढं स्वतःच्या नावावर नोंदवा.

आणि जागा कुठलीही निवडा, पहिला लेख टाकून झाला की दुसरा लिहायच्या आधी ‘एक्सपोर्ट’ दाबून पाहा. उतरलेली फाइल उघडा, जोडाक्षरं शाबूत आहेत का बघा.