जोडधंदा

मित्रांनो, मागच्या शनिवारी वर्गात मी विचारलं होतं, "मोठं झाल्यावर कोण होणार?" आमच्या लहानपणी या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात यायचं. डॉक्टर. शिक्षक. पायलट. तुमच्यातल्या एकीने मात्र तीन कामं सांगितली. "दादा, मी कोडिंग करीन, केक विकीन आणि व्हिडिओ बनवीन. एकच नोकरी का करायची?"

सगळे हसले. मीही हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचा धडा त्यावरच.

आधी एक शब्द शिका: जोडधंदा. जोड म्हणजे शेजारी लावलेलं, आधार देणारं. धंदा म्हणजे पैसे मिळवण्याचं काम. माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. घरी दोन म्हशी होत्या. आई रोज पहाटे डेअरीला दूध घालायची. सुट्टीच्या दिवशी बाबा शेतात जायचे. दुधाच्या पैशांतून आमची वह्या-पुस्तकं यायची. म्हणजे एकापेक्षा जास्त कामं करणं ही काही आजची फॅशन नाही, बरं का! आमच्या गावात घरोघरी तेच चालायचं. आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या म्हशी सगळ्या गावाला दिसायच्या.

आता माझी गोष्ट सांगतो. मी रियाधमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. २०२२ साली पुण्याहून एका मित्राचा फोन आला. "रोज रात्री तीन तास काम कर. घरूनच. पैसे चांगले आहेत. कुणाला कळणार आहे?" पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चालू होता. मी फोनवरच "हो" म्हणून टाकलं.

त्याच सुमारास भारतात या विषयावर मोठा वाद चालू होता. अशा लपूनछपून केलेल्या दुसऱ्या नोकरीला 'मूनलायटिंग' म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रो कंपनीने जाहीर केलं, की प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना त्यांनी काढून टाकलं. ती बातमी वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या ऑफिसच्या बसवर तेव्हा दापोलीकडचे एक चाचा होते. आमचं बोलणं मराठीतच चालायचं. त्यांच्या हातात जादू होती. बंद पडलेला मोबाइल ते तासाभरात चालू करायचे. संध्याकाळी कॅम्पमधली माणसं त्यांच्याकडे फोन घेऊन यायची आणि थोडे रियाल द्यायची. एक दिवस मी म्हटलं, "चाचा, छान जोडधंदा आहे तुमचा!"

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "होता. आता बंद केला. परवा शेजारच्या कॅम्पमध्ये तपासणी झाली. पकडलं असतं तर दंड आणि परतीचं तिकीट. घरी खाणारी पाच तोंडं आहेत. मी काय हौस म्हणून करत होतो? मुलीची फी भरायची होती."

हे नीट समजून घ्या. परदेशी माणसाला सौदी अरेबियात राहायला 'इकामा' लागतो. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो तुमच्या मालकाशी जोडलेला असतो आणि त्यावर तुमचा पेशाही नोंदवलेला असतो. रीतसर परवानगीशिवाय दुसऱ्याचं काम केलं, किंवा स्वतःचा धंदा केला, तर तो गुन्हा ठरतो. शिवाय मोबाइल विक्री आणि दुरुस्तीची कामं २०१६ पासून सौदी नागरिकांसाठीच राखीव आहेत. मार्च २०२१ पासून बऱ्याच कामगारांना नोकरी बदलणं सोपं झालं. पण नोकरी बदलणं वेगळं आणि एका वेळी दोन करणं वेगळं.

मग चाचांनी मला विचारलं, "तुझं काय चाललंय? आजकाल झोपलेला दिसत नाहीस." मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला कशाची कमी आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री घरी जाऊन मी माझा नोकरीचा करार पुन्हा वाचला. बाहेरचं पगारी काम करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी मित्राला फोन करून नाही म्हटलं. तो चिडला. फ्लॅटचा हप्ता मी अजून भरतोय. आणि चाचांच्या मुलीच्या फीचा प्रश्न? तो माझ्या 'नाही'ने सुटला नाही. दोन कामं करायची की नाही, हे मला निवडता आलं. चाचांना तेवढी मोकळीक नव्हती. हे मी विसरत नाही.

मग दोन कामं करूच नयेत का? तसं मुळीच नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. डॉक्टरकी करता करता ते नाटकात काम करायचे. सगळ्यांना ते माहीत होतं. १९६९ मध्ये त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि ते पूर्ण वेळ नट झाले. जोडधंदा कधी कधी मुख्य धंदा होतो, तो असा.

म्हणून कोडिंग, केक आणि व्हिडिओवाल्या ताईला मी एवढंच सांगेन: तिन्ही कर. फक्त आधी तीन गोष्टी बघ. तू जिथे राहतेस तिथला कायदा काय म्हणतो? हे काम मालकाला उघडपणे सांगता येईल का? आणि झोपायला वेळ उरतो का?

माझाही एक जोडधंदा आहे. दर शनिवारी संध्याकाळी मी तुम्हाला मराठी शिकवतो. त्यात एक रियालसुद्धा मिळत नाही. पण माझ्या मॅनेजरला तो माहीत आहे, आणि शनिवारी रात्री मला झोप छान लागते.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या आजी-आजोबांचा काही जोडधंदा होता का? त्यांना फोन करून विचारा आणि पाच वाक्यं लिहा.
२. चाचांनी मोबाइल दुरुस्ती का बंद केली? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
३. 'पोटात गोळा येणे' हा वाक्प्रचार वापरून स्वतःचा एक अनुभव सांगा.