पोरगं कुणाजवळ झोपतं?

बालसंगोपन योजनेच्या गृहभेटीला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. “सगळं बरंय ताई, पोराला काही कमी नाही.” एवढ्यावर ‘समाधानकारक’ लिहून चहा पिऊन निघता येतं, निघणारेही आहेत. पण आईबाप गेलेलं पोर ज्या आजीकडे, मामाकडे आलंय, ती माणसं गरज लपवतात. अडचण बोललो तर बाल कल्याण समिती पोराला नाशिकमधल्या उंटवाडीच्या बालगृहात ठेवेल, हा धसका असतो. परक्या कुटुंबानं मूल सांभाळण्याची सोय २०१५च्या बाल न्याय कायद्यात आहे, माझ्यापर्यंत येतात ती मुलं मात्र बहुतेक नात्यातच राहिलेली.

म्हणून “काय हवंय?” असं मी विचारतच नाही. काल डबा कुणी भरला? पोरगं झोपतं कुणाजवळ? रात्री दचकून उठलं तर कोण उठतं? उत्तरात बहुधा मामी निघते. अर्जावर सही मामाची, बोलणार मामा. नणंदेच्या लेकीच्या उवा, ओली गोधडी, शाळेची हाक हे सगळं मामीकडे, आणि ती दाराआड उभी.

दिंडोरीकडच्या एका घरात मामा बोलत होते. मी पाणी मागितलं आणि मामीच्या मागं हंड्यापाशी गेले. द्राक्षांच्या गोडी छाटणीचे दिवस, टोळीची गाडी पहाटे निघायची. पोरगी हिचा पदर सोडत नव्हती, त्यामुळे हिचं बागेत जाणं बंद. घरात एक ताट वाढलं होतं आणि एक रोज बुडाला होता. नवऱ्याला ते दिसत होतं, त्यानं हिशेबात धरलं नव्हतं. बालसंगोपन योजनेचे महिन्याला १,१०० रुपये २०२३ मध्ये २,२५० झाले. बुडालेला रोज त्यातूनही भरून येत नाही. फॉर्मात याला रकाना नाही. मी शेऱ्यात लिहिते, मामीच्या शब्दांत.

गरज लपवण्याच्या नेमकं उलट २०२१ मध्ये झालं. कोविडनं दोन्ही पालक हिरावलेल्या मुलांच्या नावे सरकारनं पाच लाखांची ठेव जाहीर केली आणि कधी उंबरा न चढलेले काका गरजांची यादी घेऊन हजर झाले. त्यांनाही तेच प्रश्न विचारले. एकाला पुतण्या कितवीत आहे ते आठवेना. पोरगं झोपत होतं शेजारच्या म्हातारीकडे. पुढची गृहभेट मी तिच्याकडे लावली.