टोपीवरचे मोरपीस

आमची नात शिकागोस असते. गेल्या उन्हाळ्यात एका पोलिश मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर ती स्लाव लोकांचा एक उत्सव पाहून आली. पोल, झेक, स्लोव्हाक, सर्ब अशी निरनिराळी मंडळी आपापले पोषाख घालून नाचत होती. एकीकडे कागद कातरून केलेली फुले व कोंबडे, दुसरीकडे मेणाने नक्षी रेखून रंगविलेली अंडी मांडली होती. (सोवळ्यातील वाचकांनी भुवया उंचावू नयेत, ही अंडी शोभेची असतात.) क्राकूव्हकडील मुलांच्या टोपीत मोरपीस पाहून तर तिला भारीच नवल वाटले. "आजोबा, हे लोक आपले कोण लागतात?" असे तिने दूरध्वनीवरून विचारले.

आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माणसास असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. पोल लोक भ्रात्यास ब्रात म्हणतात, द्वि म्हणजे द्वा, आणि अग्नीस ते ओगिएन म्हणतात, असे आम्ही तिला सांगितले. नाते दूरचे खरे, पण भाऊबंदकीतलेच! मात्र हे लोक एकदा आपल्या दाराशीही येऊन राहिले होते, ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

सन 1940-41 मध्ये सोव्हिएट सत्तेने लक्षावधी पोलिश माणसांस घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेले. त्यांतील काही 1942 साली इराणमार्गे बाहेर पडली, आणि 1943 पासून 1948 पर्यंत सुमारे पाच हजार जणांची वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. बहुतेक बायका व मुलेच. कर्ते पुरुष युद्धावर. बराकींच्या त्या गावात त्यांनी शाळा, चर्च, इस्पितळ, नाट्यगृह सारे उभे केले. पुढे तेथेच फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले, आणि आज गांधीनगर म्हणून कापडाची जी बाजारपेठ प्रसिद्ध आहे, ती हीच जागा. 2024 च्या ऑगस्टात आपले पंतप्रधान वॉर्सास गेले असता तेथील कोल्हापूर स्मारकास त्यांनी वंदन केले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

आमचे मामा त्या काळी राजाराम कॉलेजात शिकत होते. एकदा ते सायकलीवरून वळिवड्यास मुलींचा नाच पाहावयास गेले. डोकीवर फुलांचे वेढे, त्यांतून पाठीवर सोडलेल्या रंगीत फिती, भरतकामाच्या चोळ्या. परंतु मामांच्या ध्यानात राहिली ती निराळीच गोष्ट. मैदानाच्या कडेस एक म्हातारी बाकावर बसली होती. एखाद्या मुलीचा पाय चुकला की ती हाताने खूण करी, मुली थांबत, आणि तेच पाऊल पुन्हा टाकीत. भाषा कळत नसूनही मामांस कळले की, घर गेले, गाव गेले, आता एवढे पाऊल तरी चुकता कामा नये, असे त्या म्हातारीचे म्हणणे आहे.

हे सांगून झाल्यावर नात म्हणाली, "मग आपले काय? शाळेत मला घरचे एक गाणे म्हणायचे आहे."

येथे आमची वाचा बसली. आमचे घर गंगाखेडचे, म्हणजे जनाबाईच्या गावचे. आमची आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत असे. आम्ही नुकतेच मॅट्रिक झालो होतो, आणि संस्कृतात गुण बरे मिळाल्यामुळे शुद्धाशुद्धाचा ताठा अंगात भरला होता. एके पहाटे आम्ही अंथरुणातूनच ओरडलो, "आई, इठ्ठल नव्हे, विठ्ठल म्हण!" आई हसली. पण त्यानंतर आम्ही घरी असलो की तिचे जाते मुकेच फिरे. पुढे दळण गिरणीत जाऊ लागले, जाते अंगणात तुळशीपाशी पडले, आणि त्याचा खुंटा कधी हरवला हे कोणासच सांगता येणार नाही. वळिवड्याची म्हातारी चुका काढी त्या नाच टिकावा म्हणून. आम्हीही चूकच काढली होती.

नातीस काय सांगावे या विवंचनेत असता आमच्या कुटुंबाने दूरध्वनी हातातून काढून घेतला. आम्ही शाळेत गेल्यावर सासूबाई निवडणटिपण करताना ओव्या म्हणत, हे आम्हांस चाळीस वर्षांत ठाऊक नव्हते! एक झाली, दोन झाल्या, अशा अकरा ओव्या निघाल्या. नात तिकडे लिहून घेत होती. मध्येच ती थांबली.

"आजी, इठ्ठल की विठ्ठल?"

कुटुंबाने आमच्याकडे पाहिले.

"पणजी म्हणत होती तसेच लिही," आम्ही म्हणालो.