सिमल्याचा बर्फ आणि आमची आजी

बालमित्रांनो, बर्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते सांगू? जत्रेतला गोळेवाला! बर्फाची लादी खसाखसा किसायची, भुगा काडीभोवती दाबायचा आणि वरून लालभडक सरबत. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या मुलांनाही तोच बर्फ ठाऊक. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा शाळेत शिकवते. आमच्याकडे आभाळातून पाऊस पडतो, वादळात आंबे पडतात, कधी कौलंही पडतात. पण बर्फ? छे! म्हणून एकाने मला विचारलं, "बाई, तो डोक्याला लागतो का हो?"

बिचाऱ्याने गारांबद्दल ऐकलेलं होतं. गार लागते, चांगली सणकून लागते. पण हिमवर्षावातला बर्फ लागत नाही. उंच ढगात इतका गारठा असतो की तिथल्या वाफेचे पाणी न होता एकदम बारीक स्फटिक होतात, सहा टोकांचे. ते एकमेकांत अडकतात आणि सावरीच्या कापसासारखे तरंगत तरंगत खाली येतात. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये बरं का. १९९७ ते २००१ अशी चार वर्षं माझ्या बाबांची बदली सिमल्याला होती. त्या बर्फात मी लोळलेली आहे!

सिमला म्हणजे हिमाचल प्रदेशाची राजधानी. तिथे जायचं तर कालक्यापर्यंत मोठी गाडी आणि पुढे ती प्रसिद्ध छोटी गाडी. १९०३ साली सुरू झालेली ही रेल्वे २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लांबी ९६ किलोमीटर, बोगदे शंभरावर. कालका समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आणि सिमला स्टेशन २०७५ मीटरवर. म्हणजे एवढीशी गाडी आपल्याला जवळजवळ दीड किलोमीटर उचलून वर नेते. माझ्या धाकट्या भावाने बोगदे मोजायला सुरुवात केली होती. सदतिसाव्याला झोपला.

आमचं बिऱ्हाड एका जुन्या, उतरत्या पत्र्याच्या छपराच्या घरात होतं. पहिला बर्फ रात्री पडला आणि मला तो ऐकू आला. म्हणजे काय झालं, तर काहीच ऐकू येईना! रोज पहाटे कुत्री भुंकायची, माकडं पत्र्यावर धाडधाड उड्या मारायची. त्या दिवशी सगळं चिडीचूप. ताज्या बर्फात स्फटिकांच्या मधे खूप हवा असते. ती आवाज गिळून टाकते, जाड गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं होतं. मी खिडकी उघडली तर समोरचं देवदाराचं झाड, खालचं छप्पर, कठडा, कुणाची तरी मोटार, सारं गोल गोल, पांढरं. कशालाच कोपरा उरलेला नव्हता.

आणि दुसऱ्याच हिवाळ्यात आमची आजी आली.

आजीने त्याआधी रत्नागिरीच्या पुढे मुंबई आणि पंढरपूर एवढंच पाहिलं होतं. येताना तिने काय काय आणलं म्हणता? खोबरेल तेलाची बाटली, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि सुकटीची पुरचुंडी. सुकटीच्या वासाने डब्यातली माणसं लांब सरकली आणि आम्हाला ऐसपैस जागा मिळाली, असं आजी सांगायची. आई म्हणाली, "सासूबाई, इथे फार थंडी असते." आजी म्हणाली, "थंडी आमच्याकडेही पडते हो!" आता आमच्याकडची थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करायचा, एवढीच. चार दिवसांनी आजी नऊवारीवर बाबांचा स्वेटर, त्यावर शाल, पायांत दोन दोन मोजे आणि कानाला मफलर अशी बसलेली. नाक तेवढं बाहेर.

तिचं पहिलं भांडण झालं तेलाशी. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली आलं की थिजायला लागतं. सिमल्याच्या हिवाळ्यात त्याचा दगड झाला. आजी बाटली उलटी करते, आपटते, तेल ढिम्म हलेना! शेवटी ती बाटली घेऊन झोपू लागली. दुसरं भांडण दह्याशी. विरजण लावलं तरी दूध दुधासारखंच. मग दह्याचं भांडंही आजीच्या रजईत गेलं. एका कुशीला तेल, दुसऱ्या कुशीला दही आणि मधे आजी. तिला रात्रभर कूस बदलता यायची नाही.

पण खरी गंमत झाली ती बाबांच्या पँटची. धुऊन दोरीवर टाकलेली पँट संध्याकाळी काढली तर फळीसारखी ताठ! आतलं पाणीच गोठलेलं. भावाने ती उचलून दाराशी भिंतीला टेकवली. खरंच उभी राहिली हो, आतल्या माणसाशिवाय! वीज गेलेली होती. आजी दिवा घेऊन आली आणि पँटला म्हणाली, "बाजूला हो रे, तिन्हीसांजेचा वाट अडवून काय उभा राहिलायस?" पँट हलली नाही. आजीने तिला कोपराने ढकललं, तेव्हा ती तशीच्या तशी आडवी झाली. आजीची किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली.

मोठा बर्फ पडला की नळाचं पाणी बंद. पाइपातच गोठायचं. मग बर्फ वितळवून पाणी करायचं. सोपं वाटतं ना? करून बघा! साधारण दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला तर एक सेंटिमीटरभर पाणी मिळतं, बाकी सगळी हवाच. आजीने भलं मोठं पातेलं शिगोशीग भरून चुलीवर चढवलं आणि थोड्या वेळाने झाकण काढून पाहिलं, तर तळाला थोडंसं पाणी. "एवढा हत्ती आणि शेपटीएवढं पाणी!" ती म्हणाली. "आमची विहीर बरी." एका गोष्टीत मात्र तिने सिमल्याला हरवलं. स्वच्छ बर्फ वाटीत घेऊन तिने त्यावर कोकमाचं आगळ आणि साखर घातली. शेजारच्या आंटीजींनी सांगितलं होतं की पहिल्या तासाचा बर्फ खायचा नाही, त्याच्याबरोबर हवेतली धूळ आणि धूर खाली येतो. म्हणून आम्ही कळ काढून थांबायचो. आमच्या दारात वाट्या घेऊन मुलांची रांग लागायची.

मुलांना त्या दिवसांत शाळा नसे. तुमची सुट्टी मे महिन्यात, आमची मोठी सुट्टी थंडीत. मग काय, खताच्या रिकाम्या गोणीवर बसायचं आणि उतारावरून सुर्रर्र! जपायचं ते दुसऱ्या दिवशी. लोकांनी तुडवलेला बर्फ दुपारी जरा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि रस्त्याची काच होते. सिमल्याची जाणती माणसं तेव्हा बुटांवरून जुने लोकरीचे मोजे चढवतात. बुटांच्या आत नव्हे, वरून! लोकर बर्फाला धरून ठेवते आणि पाय घसरत नाही. मोठमोठे साहेब कोट-टाय घालून आणि बुटांवर फाटके मोजे चढवून मॉल रोडवरून चाललेले मी पाहिले आहेत.

तिथे लक्कड बाजाराच्या खालच्या अंगाला १९२० सालापासूनचं स्केटिंगचं मैदान आहे. रात्री मैदानावर पाणी सोडायचं, पहाटेपर्यंत त्याचा आपोआप बर्फ होतो. तुम्हाला वाटेल, हिमवर्षाव झाला की तिथे मजाच मजा! उलट आहे. वरून बर्फ पडला की मैदान खराब होतं, तो खरवडून काढावा लागतो. स्केटिंगला लागतं निरभ्र आकाश आणि कडाक्याची थंडी. आजीला हे काही पटेना. "बर्फावर खेळायचं आणि बर्फ पडला तर खेळ बंद? आमच्याकडे कुणी असं करत नाही."

आता जरा वेगळं सांगते. बर्फ म्हणजे नुसती मजा नाही. जानेवारीत एकदा बाबा कामासाठी ठियोगला गेले. ठियोग सिमल्याहून तीसेक किलोमीटर, वाटेत कुफरी, आणि कुफरी सिमल्याहूनही उंच. दुपारी बर्फ सुरू झाला, संध्याकाळपर्यंत थांबला नाही. वीज गेली, टेलिफोन मेला. रात्रीचे आठ वाजले, नऊ वाजले. आई खिडकीपाशी उभी. आजी एक अक्षर बोलेना, हातातली जपमाळ तेवढी फिरत होती. मोबाइल तेव्हा आमच्याकडे नव्हताच. विचारायचं कुणाला?

तेवढ्यात शेजारच्या आंटीजी पेटत्या कोळशांची अंगीठी घेऊन आल्या. "आज मी इथेच बसते," म्हणाल्या. त्यांनी आल्या आल्या खिडकी बोटभर उघडी केली. आजीने उठून बंद केली. आंटीजींनी पुन्हा उघडली. आजीने पुन्हा लावली आणि मराठीत म्हणाली, "बाई, घर तापवायला आलात की गार करायला?" आंटीजींना मराठी येत नव्हतं, आजीला हिंदी येत नव्हतं. मग आईने समजावलं. बंद खोलीत कोळसा जळत राहिला की विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. माणसं झोपेतच गुदमरतात, पहाडात असे प्रकार दर हिवाळ्यात घडतात. आजीने ऐकून घेतलं. त्यानंतर वाऱ्याने खिडकी लागली की तीच उठून उघडायची. रात्रभर चार-पाच वेळा उठली असेल. आम्ही दोघं भावंडं झोपलो, त्या तिघी जाग्याच होत्या.

बाबा आले दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. कुफरीजवळ बस अडकली होती. सगळ्या प्रवाशांनी एका ढाब्यात शेकोटीभोवती रात्र काढली आणि उजाडल्यावर पंधराएक किलोमीटर चालत आले. बुटांवर कुणीतरी दिलेले मोजे, मिशांवर पांढरे मणी. आजीने आधी त्यांचे कान चाचपून पाहिले, जागेवर आहेत ना! मग जी काय बोलायला लागली! "मेल्या, पगार काय घरी बसून मिळत नाही काय?" बोलता बोलता चुलीपाशी गेली आणि कुळथाचं पिठलं टाकलं. वास आला तशा आंटीजी धावत आल्या, पळीने चाखून पाहिलं आणि ओरडल्या, "अरे, ये तो हमारी कुल्थ है!" हिमाचलातही कुळीथ खातात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आजीची आणि आंटीजींची अशी गट्टी जमली की विचारू नका. दोघी तासन् तास बोलत बसायच्या, एक मराठीत, एक पहाडीत.

आंटीजींचा अजून फोन येतो. जानेवारी २०१७ मध्ये सिमल्यात जबर बर्फ पडला, बऱ्याच भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा त्या तक्रार करत होत्या, पण आवाजात आनंद होता. आणि २०२४ चा जानेवारी? जवळजवळ अख्खा महिना कोरडा गेला! तेव्हा मात्र त्यांचा आवाज पडलेला. सिमल्याचा बर्फ आपल्या मोसमी पावसासारखा नैऋत्येकडून येत नाही. तो आणणारे वारे भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. ते आले नाहीत किंवा हवा पुरेशी गार नसली की बर्फ नाही. बर्फ नसला तर उन्हाळ्यात झरे आटतात. आणि सफरचंदाचं काय? त्या झाडाला हिवाळ्यात हजार-बाराशे तास सात अंशांखालची थंडी लागते, तरच वसंतात नीट फुलतं. आंटीजींचं माहेर कुल्लूकडच्या सखल भागातलं. तिथल्या जुन्या सफरचंदांच्या जागी भावाने आता डाळिंबं लावली आहेत. "तुमच्याकडे डाळिंबाला पाणी कसं देतात गं?" असं त्या मलाच विचारतात. मी सोलापूरकडच्या एका मैत्रिणीला विचारून कळवलं.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. सिमल्यात 'रिज' नावाचं मोकळं पठार आहे, पिवळट रंगाच्या जुन्या चर्चसमोर. त्याच्या पोटात इंग्रजांच्या काळातली पाण्याची भली मोठी टाकी आहे, वर माणसं फिरतात आणि खाली शहराचं पाणी! आणखी एक नवल म्हणजे हा डोंगर पाण्याची वाटणी करतो. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी यमुनेला मिळून शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. उत्तरेच्या उतारावरचं सतलजला मिळतं, सतलज सिंधूला आणि सिंधू अरबी समुद्राला. बाबांनी हे सांगितल्यावर आजी क्षणभर गप्प झाली. "अरबी म्हणजे आपलाच ना रे?"

"आपलाच."

आजीने मफलर सारखा केला, दोन्ही हातांनी बर्फाचा चांगला नारळाएवढा गोळा वळला, उत्तरेच्या कठड्यापाशी गेली आणि दिला खाली भिरकावून. एप्रिलमध्ये ती रत्नागिरीला परतली. नंतर तिचं पत्र आलं, शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेलं. सगळ्यांची खुशाली, आंब्याचं पीक, आंटीजींना नमस्कार, आणि शेवटी एक ओळ होती, "काल किनाऱ्यावर जाऊन पाय बुडवले. पाणी जरा गार लागलं. पोचलेला दिसतोय."